वाचकांचे प्रश्न : प्लेबुक चालवण्याआधी इमेजमध्ये डोकावा

या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: प्लेबुक (अ‍ॅन्सिबल या सर्व्हरची कामं आपोआप करणाऱ्या साधनासाठी लिहिलेली कामांची यादी) लॅपटॉपवर नीट चालतं, पण कंटेनरमध्ये नेलं की अडतं. अ‍ॅन्सिबलचं एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट म्हणजे एक कंटेनर इमेज, प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला साचा; त्यापासून सुरू केलेला वेगळा कप्पा म्हणजे कंटेनर. तिच्यात अ‍ॅन्सिबल-कोअर (मूळ अ‍ॅन्सिबल), अ‍ॅन्सिबल-रनर (प्लेबुक चालवणारा प्रोग्राम), कलेक्शन्स (मॉड्यूल्स, म्हणजे एकेक काम करणारे छोटे प्रोग्राम, आणि प्लगइन यांचे संच), पायथन लायब्रऱ्या आणि सिस्टिम पॅकेजेस एकत्र बांधलेली असतात. पुढे तिला आपण थोडक्यात ईई म्हणू. ती आतून बघण्यासाठी अ‍ॅन्सिबल-नॅव्हिगेटर हे कमांड लाइनवरचं साधन आहे. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या मूळ रोमन स्पेलिंगनेच टाइप करायच्या.

प्रश्न : आमची टीम आजवर थेट अ‍ॅन्सिबल-प्लेबुक कमांडने काम करत आली. आता सगळं ईईमध्ये चालवायचं ठरलं आहे. तयार इमेज हातात आहे, पण तिच्यात काय आहे हे कुणालाच नीट माहीत नाही. सुरुवात कुठून करावी?

इमेजपासूनच करा. आधी मशीनवर पॉडमन किंवा डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनांपैकी एक हवं. कोणतं वापरायचं ते सांगितलं नाही तर नॅव्हिगेटर आधी पॉडमन शोधतो, नसेल तर डॉकर. नॅव्हिगेटर स्वतः पायथनचं पॅकेज आहे, पिप किंवा पिपएक्सने बसतं. मग ही कमांड द्या:

अ‍ॅन्सिबल-नॅव्हिगेटर इमेजेस --एक्झिक्युशन-एन्व्हायर्नमेंट-इमेज तुमच्या-इमेजचं-नाव:टॅग

इमेजचं नाव पहिल्याच वेळी द्या. ते दिलं नाही तर नॅव्हिगेटर त्याची ठरलेली इमेज डाउनलोड करायला घेतो. ती बरीच मोठी असते आणि तुम्हाला तिचा उपयोग नसतो.

स्क्रीनवर मशीनवरच्या सगळ्या इमेजेसची यादी येते: नाव, टॅग, ही ईई आहे की नाही, कधी बनली, आकार किती. इथेच पुष्कळांची पहिली फसगत होते. इमेज सुडो लावून आणलेली असते आणि नॅव्हिगेटर साध्या यूजरने चालवलेला असतो. पॉडमनमध्ये रूटचा साठा वेगळा आणि प्रत्येक यूजरचा वेगळा, त्यामुळे ती इमेज यादीत दिसतच नाही. ज्या यूजरने काम करायचं, त्याच यूजरने पुल करा, म्हणजे इमेज उतरवून घ्या.

आता इमेजच्या ओळीचा आकडा दाबा. आकडा दोन अंकी असेल तर आधी कोलन, मग आकडा आणि एंटर. आतल्या मेनूत ० ते ५ असे पर्याय येतात: ० म्हणजे इमेजची माहिती, १ सर्वसाधारण माहिती, २ अ‍ॅन्सिबलची आवृत्ती आणि कलेक्शन्स, ३ पायथन पॅकेजेस, ४ ऑपरेटिंग सिस्टिमची पॅकेजेस आणि ५ हे सगळं एकत्र. यासाठी नॅव्हिगेटर कंटेनर सुरू करून आत एक छोटी पायथन स्क्रिप्ट चालवतो. म्हणून समोर येतं ते इमेजमध्ये प्रत्यक्ष असलेलं, कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हे.

सर्वांत आधी २ दाबा आणि अ‍ॅन्सिबल-कोअरची आवृत्ती बघा. तिच्यावरून समोरच्या सर्व्हरवर कोणतं पायथन चालेल ते ठरतं. अ‍ॅन्सिबल-कोअर २.१६ पर्यंत समोरच्या मशीनवर पायथन ३.६ चालतं, २.१७ पासून किमान ३.७ लागतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ चं सिस्टिम पायथन ३.६ आहे. त्यामुळे इमेज २.१७ ची आणि सर्व्हर ८ चे असतील तर प्लेबुकमध्ये एकही चूक नसताना मॉड्यूल्स कोसळतात. पॅकेजेस बसवणाऱ्या डीएनएफ मॉड्यूलला तर सिस्टिम पायथनशी बांधलेलं पॅकेज लागतं, म्हणून शेजारी नवं पायथन बसवूनही ते सुटत नाही. अशा सर्व्हरसाठी २.१६ असलेली इमेज वेगळी ठेवा.

कळा फार नाहीत. मागे जायला एस्केप, बाहेर पडायला कोलन आणि क्यू. लांब यादी गाळायला कोलन, एफ, जागा आणि हवा तो शब्द. एखाद्या पॅकेजवर आकडा दाबला की त्याचा पूर्ण तपशील उघडतो. हीच माहिती फाइलमध्ये ठेवायची असेल तर स्क्रीन नको, सरळ मजकूर घ्या:

अ‍ॅन्सिबल-नॅव्हिगेटर इमेजेस --मोड एसटीडीआउट --डिटेल्स पायथन_पॅकेजेस --एक्झिक्युशन-एन्व्हायर्नमेंट-इमेज तुमच्या-इमेजचं-नाव:टॅग

आमचा आग्रह आहे की नवी इमेज वापरात आणताना ही फाइल प्रोजेक्टच्या गिट रिपॉझिटरीत टाकावी. पुढच्या इमेजची फाइल आली की फरक दोन मिनिटांत दिसतो.

प्रश्न : अ‍ॅन्सिबल-गॅलेक्सीने कलेक्शन इन्स्टॉल केलं आहे, यादीतही दिसतं. तरी नॅव्हिगेटरने प्लेबुक चालवलं की मॉड्यूल सापडत नाही अशी एरर येते. कलेक्शन पुन्हा पुन्हा टाकून पाहिलं.

कलेक्शन गेलं आहे तुमच्या होम डिरेक्टरीतल्या .अ‍ॅन्सिबल या फोल्डरमध्ये, आणि ते फोल्डर कंटेनरला दिसत नाही. कंटेनरला दोनच जागा दिसतात: इमेजमध्ये बांधलेली कलेक्शन्स आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमधलं कलेक्शन्स नावाचं फोल्डर, कारण प्रोजेक्टचं फोल्डर आपोआप आत जोडलं जातं. प्रोजेक्टमध्ये उभे राहून पुन्हा इन्स्टॉल करा, पण या वेळी शेवटी -पी ./कलेक्शन्स जोडा.

मग अ‍ॅन्सिबल-नॅव्हिगेटर कलेक्शन्स ही कमांड द्या. प्रत्येक कलेक्शनपुढे ते इमेजमधलं आहे की बाहेरून जोडलेलं, हे लिहिलेलं असतं. शॅडोड हा रकाना मात्र मुद्दाम बघा. एकच कलेक्शन दोन्ही जागी असेल तर एक दुसऱ्याला झाकतं. इमेजमध्ये नवी आवृत्ती आणि प्रोजेक्टमध्ये कधीची जुनी प्रत पडलेली, असं झालं की जुनीच चालत राहते. इमेज बदलूनही काही सुधारत नाही अशी तक्रार आली, तर आधी हा रकाना बघावा.

इतकं करूनही एक अडचण राहू शकते. कलेक्शनबरोबर मॉड्यूल्स आणि फिल्टर येतात, पण त्यांना लागणाऱ्या पायथन लायब्रऱ्या येत नाहीत. अ‍ॅन्सिबल.युटिल्समधल्या आयपीअ‍ॅडर फिल्टरला नेटअ‍ॅडर लागतं, कम्युनिटी.जनरलमधल्या जेसन_क्वेरीला जेएमईएसपाथ. हे फिल्टर कंट्रोलरच्या बाजूला, म्हणजे कंटेनरमध्ये चालतात, म्हणून लायब्ररी इमेजमध्ये हवी. लॅपटॉपवर पिपने टाकून उपयोग नाही.

साधी कसोटी अशी: फिल्टर, लुकअप आणि कनेक्शन प्लगइन कंटेनरमध्ये चालतात, तर मॉड्यूल ज्या मशीनवर टास्क चालतं तिथे. कम्युनिटी.मायएसक्यूएलच्या मॉड्यूलला पायमायएसक्यूएल लागतं ते डेटाबेसच्या सर्व्हरवर. पण तेच टास्क लोकलहोस्टकडे, म्हणजे कंटेनरकडेच, डेलिगेट केलं (सोपवलं), की लायब्ररीही इमेजमध्येच हवी. क्लाउडची मॉड्यूल्स बहुधा अशीच चालवली जातात. एरर वाचताना टास्क कुठे चालत होतं हे आधी ठरवा, मग मेनूतला ३ दाबून लायब्ररी शोधा.

प्रश्न : लोकलहोस्टवर टेम्प्लेट मॉड्यूलने /टीएमपी मध्ये अहवाल लिहिला. टास्क चेंज्ड दाखवतं, एकही एरर नाही, पण फाइल कुठेच नाही.

फाइल लिहिली गेली होती, पण कंटेनरच्या /टीएमपी मध्ये. ईईमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर. प्लेबुक संपलं की कंटेनर पुसला जातो आणि त्याच्याबरोबर फाइलही जाते. अ‍ॅन्सिबलने सांगितलेलं चेंज्ड खरंच होतं.

अहवाल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये लिहा. डेस्टमध्ये प्लेबुक_डिर हे व्हेरिएबल वापरा आणि खाली रिपोर्ट्ससारखं फोल्डर द्या. प्रोजेक्टचं फोल्डर आत-बाहेर एकाच मार्गावर जोडलेलं असतं, त्यामुळे फाइल मागे राहते. दुसरीकडेच लिहायचं असेल तर --एक्झिक्युशन-एन्व्हायर्नमेंट-व्हॉल्यूम-माउंट्स या पर्यायाने बाहेरचा मार्ग, कोलन, आतला मार्ग असं द्या. एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा व्यवस्था) चालू असलेल्या मशीनवर एवढ्याने परमिशन डिनाइड येईल. तेव्हा शेवटी आणखी एक कोलन आणि मोठं झेड जोडा. हे झेड फोल्डरचं लेबल बदलतं, म्हणून ते पूर्ण होम डिरेक्टरीला किंवा /ईटीसी ला कधीही लावू नका, नाहीतर होस्टवरच्या इतर सेवांना त्या फाइल्स वाचता येईनाशा होतील. त्या कामापुरतं वेगळं फोल्डर करा.

याच कारणाने लोकलहोस्टवर डीएनएफने पॅकेज टाकलं तर ते कंटेनरमध्ये पडतं आणि नाहीसं होतं. स्वतःचंच मशीन सांभाळायचं असेल तर --एक्झिक्युशन-एन्व्हायर्नमेंट फॉल्स देऊन कंटेनरशिवाय चालवा. त्यासाठी मशीनवर अ‍ॅन्सिबल-कोअर असायला हवं.

प्रश्न : व्हार्स_प्रॉम्प्ट (सुरुवातीला व्हेरिएबलची किंमत विचारणारा भाग) असलेलं प्लेबुक नॅव्हिगेटरमध्ये अडकून बसतं. प्रश्नच दिसत नाही.

नॅव्हिगेटर प्लेबुक पार्श्वभूमीत चालवून निकाल स्क्रीनवर मांडतो, त्यात उत्तर टाइप करायला जागा नसते. --मोड एसटीडीआउट आणि --प्लेबुक-आर्टिफॅक्ट-एनेबल फॉल्स हे दोन्ही द्या. एकट्या पहिल्याने काम होत नाही, कारण नोंद साठवणं चालू असेपर्यंत इनपुट प्लेबुकपर्यंत पोहोचत नाही. पॉज मॉड्यूलचा प्रॉम्प्ट आणि व्हॉल्टचा (कूटबद्ध फाइल्सचा) पासवर्ड विचारणं, यांनाही हेच लागू आहे. तरी व्हेरिएबल -ई ने बाहेरून देणं आम्हाला जास्त पसंत आहे. पुढे हेच प्लेबुक वेळापत्रकावर लावलं, तर प्रश्नाला उत्तर द्यायला तिथे कुणी बसलेलं नसतं.

प्रश्न : एसएसएच की लॅपटॉपवर आहे, हाताने लॉगिन होतं. नॅव्हिगेटरमधून मात्र सर्व्हर अनरीचेबल येतो.

इन्व्हेंटरी, म्हणजे सर्व्हरच्या यादीची फाइल, उघडा आणि अ‍ॅन्सिबल_एसएसएच_प्रायव्हेट_की_फाइल बघा. तिथे /होम, पुढे तुमचं नाव, असा पूर्ण मार्ग लिहिला असेल तर तो मार्ग कंटेनरमध्ये नाहीच. तुमचं .एसएसएच फोल्डर आत आपोआप येतं, पण /होम/रनर/.एसएसएच आणि /रूट/.एसएसएच या दोन ठिकाणी. मार्ग नागमोडी रेघेच्या चिन्हाने, म्हणजे टिल्डने, सुरू करा. मग तो आत आणि बाहेर दोन्हीकडे जुळतो.

कीला पासफ्रेज असेल तर मार्ग बरोबर असूनही अडेल, कारण तो टाइप करायलाही तिथे जागा नसते. एसएसएच-एजंट सुरू करा, एसएसएच-अ‍ॅडने की त्यात टाका आणि एसएसएच-अ‍ॅड -एल ने ती दिसते का बघा. एजंटचं सॉकेट आणि एसएसएच_ऑथ_सॉक हे व्हेरिएबल नॅव्हिगेटर स्वतः आत नेतो. सगळ्या पर्यायांत हाच कमी त्रासाचा आहे.

तरी जमलं नाही तर अंदाज बांधत बसू नका. अ‍ॅन्सिबल-नॅव्हिगेटर एक्झेक एवढंच लिहा, इमेजमधली बॅश उघडेल. तिथून एसएसएच -व्ही ने त्याच सर्व्हरला जोडून बघा. कोणती की पुढे केली गेली आणि कुठे नाकारली, हे ओळीओळीने दिसेल.

प्रश्न : चार जणांनी एकच प्लेबुक चालवलं, निकाल वेगळे आले. शिवाय एकाकडे नॅव्हिगेटर सुरू व्हायलाच खूप वेळ लागतो.

दोन्हीचं मूळ बहुधा लेटेस्ट या टॅगमध्ये आहे. नॅव्हिगेटरचं पुलचं धोरण मुळात टॅग असं असतं: टॅग लेटेस्ट असेल तर दर वेळी रजिस्ट्रीत (इमेजेसच्या सर्व्हरवरच्या साठ्यात) विचारा, दुसरा कोणताही असेल तर इमेज नसेल तेव्हाच आणा. म्हणून लेटेस्टवाल्याला वाट बघावी लागते. आणि ज्यांनी धोरण बदलून नेव्हर केलं आहे, त्यांच्याकडे जुनीच इमेज राहते.

खात्री करायला प्रत्येकाने इमेजेसमध्ये जाऊन ० दाबावं आणि इमेजचा आयडी जुळवून बघावा. नावं आणि टॅग जुळले म्हणून इमेज एकच असते असं नाही, टॅग दुसऱ्या इमेजवर हलवता येतो. आयडी वेगळा निघाला की पुढची चर्चा थांबवा आणि सगळ्यांनी एकच इमेज आणा.

कायमचा उपाय म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये अ‍ॅन्सिबल-नॅव्हिगेटर.वायएमएल ठेवून ती गिटमध्ये टाकणं. त्यात इमेजचं नाव ठाम टॅगसह, पुलचं धोरण मिसिंग आणि कंटेनर इंजिन, एवढं पुरे. नॅव्हिगेटर सेटिंग्जची फाइल एकच वाचतो: आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने दाखवलेली, मग प्रोजेक्टमधली, शेवटी होममधली, जिच्या नावापुढे टिंब असतं. या फाइल्स एकमेकींत मिसळत नाहीत. होममध्ये दहा गोष्टी ठरवलेल्या असल्या तरी प्रोजेक्टमध्ये फाइल सापडली की त्या दहाही सुटतात. नेमकं काय लागू झालं हे अ‍ॅन्सिबल-नॅव्हिगेटर सेटिंग्ज दाखवतो. तिथे प्रत्येक सेटिंगची मूळ किंमत, सध्याची किंमत आणि ती कुठून आली, हे समोरासमोर असतं.

प्रश्न : अ‍ॅन्सिबल.सीएफजी मध्ये केलेले बदल लागूच होत नाहीत.

ती /ईटीसी/अ‍ॅन्सिबल मध्ये किंवा होममध्ये असेल तर आत जात नाही, प्लेबुकच्या शेजारी ठेवा. शेजारी असूनही दुर्लक्ष होत असेल तर फोल्डरच्या परवानग्या बघा. सगळ्यांना लिहिता येईल अशा फोल्डरमधली अ‍ॅन्सिबल.सीएफजी अ‍ॅन्सिबल सुरक्षेसाठी वाचत नाही. विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) प्रोजेक्ट /एमएनटी/सी खाली असेल तर हमखास असंच होतं. प्रोजेक्ट लिनक्सच्या होममध्ये हलवा. मग अ‍ॅन्सिबल-नॅव्हिगेटर कॉन्फिग उघडा, बदललेल्या सेटिंग्ज वेगळ्या रंगात दिसतील.

प्रश्न : प्रत्येक वेळी एक जेसन फाइल तयार होते. ती ठेवावी की काढून टाकावी?

ती त्या रनची पूर्ण नोंद आहे: कोणतं प्ले, कोणतं टास्क, कोणत्या होस्टवर काय उत्तर आलं. अ‍ॅन्सिबल-नॅव्हिगेटर रिप्ले आणि फाइलचं नाव दिलं की तोच स्क्रीन पुन्हा उघडतो, सर्व्हरला हातही न लावता. रात्री पडलेलं प्लेबुक सकाळी दुसऱ्याने तपासायचं असेल तर याच्याइतकं उपयोगी काही नाही. प्लेवर आकडा, टास्कवर आकडा, की मॉड्यूलने परत केलेलं सगळं समोर येतं.

पण याच कारणाने ती जपायला हवी. ज्या टास्कला नो_लॉग (उत्तर नोंदीत लपवणारी सेटिंग) लावलेलं नाही, त्याच्या उत्तरात आलेला पासवर्ड किंवा टोकन या फाइलमध्ये उघडं पडलेलं असतं. फाइल प्लेबुकच्या शेजारीच तयार होते, म्हणून गिट अ‍ॅड करताना सहज आत जाते. दोन गोष्टी आजच करा: गिटइग्नोरमध्ये *-आर्टिफॅक्ट-*.जेसन टाका आणि सेटिंग्जमध्ये सेव्ह-अ‍ॅज देऊन या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये वळवा. दुसऱ्याला पाठवण्याआधी त्यात पासवर्ड, टोकन आणि सीक्रेट हे शब्द शोधायला विसरू नका. अ‍ॅन्सिबल-नॅव्हिगेटर.लॉग ही फाइलही तिथेच बनते, तीही गिटइग्नोरमध्ये जाऊ द्या.

प्रश्न : हवी ती लायब्ररी तयार इमेजमध्ये नाही. स्वतःची इमेज बनवताना काय सांभाळावं?

अ‍ॅन्सिबल-बिल्डर वापरा. एक्झिक्युशन-एन्व्हायर्नमेंट.वायएमएल मध्ये वर व्हर्जन ३ लिहा, खाली बेस इमेज आणि डिपेंडन्सीज. डिपेंडन्सीजमध्ये गॅलेक्सी म्हणजे कलेक्शन्स, पायथन म्हणजे पिपची पॅकेजेस, सिस्टिम म्हणजे आरपीएम, ऑपरेटिंग सिस्टिमची पॅकेजेस. मग अ‍ॅन्सिबल-बिल्डर बिल्ड -टी नाव:टॅग -व्ही ३. शेवटचं -व्ही ३ सोडू नका, ते नसेल तर कोणत्या पायरीवर बिल्ड पडलं ते धड दिसत नाही.

कलेक्शन स्वतःच्या पायथन आणि सिस्टिमच्या गरजा सांगत असेल तर बिल्डर त्या आपण होऊन उचलतो. म्हणून आधी फक्त कलेक्शन लिहून बिल्ड करा, नॅव्हिगेटरच्या इमेजेसमध्ये ३ आणि ४ बघा, आणि जे उरलं तेवढंच हाताने जोडा. पायथनची यादी उगाच लांब केली की आवृत्त्या एकमेकींशी भांडतात आणि पिप थांबतो.

बिल्ड पडण्याची नेहमीची तीन कारणं. बेस इमेज मिनिमल जातीची असेल तर तिच्यात डीएनएफ नसतं. ऑप्शन्सखाली पॅकेज_मॅनेजर_पाथ म्हणून /यूएसआर/बिन/मायक्रोडीएनएफ द्या. बेस साधी लिनक्स इमेज असेल तर डिपेंडन्सीजमध्ये अ‍ॅन्सिबल_कोअर आणि अ‍ॅन्सिबल_रनर हेही लिहावे लागतात. ते नसतील तर बिल्डरच्या शेवटच्या तपासणीत बिल्ड पडतं. तिसरं, पिपला एखादं पॅकेज सीमधून कंपाइल करावं लागतं आणि जीसीसी किंवा पायथनच्या हेडर फाइल्स नसतात. त्या सिस्टिमच्या यादीत पॅकेजपुढे चौकोनी कंसात कंपाइल असं लिहून द्या, म्हणजे बिल्ड करताना त्या वापरल्या जातात आणि शेवटच्या इमेजमध्ये उरत नाहीत.

रजिस्ट्रीत पुश करण्याआधी नव्या इमेजवर अ‍ॅन्सिबल-नॅव्हिगेटर एक्झेकने बॅश उघडा आणि पायथन३ -सी "इम्पोर्ट नेटअ‍ॅडर" असं प्रत्येक महत्त्वाच्या लायब्ररीसाठी करून बघा. पॅकेजच्या यादीत नाव असूनही इम्पोर्ट फसू शकतं: इमेजमध्ये दोन पायथन असतात आणि पिपने टाकलेलं असतं दुसऱ्यातच. अशा वेळी अ‍ॅन्सिबल --व्हर्जन चालवा. शेवटच्या ओळींत अ‍ॅन्सिबल कोणतं पायथन वापरतं ते मार्गासह छापलेलं असतं, लायब्ररी त्याच पायथनमध्ये जायला हवी.